कुंपणाच्या आत

प्रिय ओग्वेनो,

हे पत्र एलिशाच्या हाती पाठवते आहे. तो रेल्वेत आहे, मोम्बासातली तुझी खोली त्याला ठाऊक आहे. टपालाने पाठवलं असतं तर वेळ लागला असता, आणि आपल्याजवळ वेळ नाही. इतके महिने तुला माझी जी पत्रं आली, त्यांत 'सगळं ठीक आहे, काकांचं ऐक' याशिवाय काही नसायचं. ती मीच लिहीत होते. पण लिहिताना तुझा ओबुरा काका शेजारी स्टुलावर बसलेला असायचा आणि लिहून झालं की तोच पत्र टपालासाठी दुकानात नेऊन टाकायचा. आज त्या स्टुलावर कोणी नाही. म्हणून हेच माझं पत्र समज, आधीची चुलीत घाल. बसून वाच आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून चालू लागायची तुझी सवय मला माहीत आहे.

बाबांना माती दिली त्या दिवशी तू असाच उठला होतास. कुळातला म्हातारा कालेब प्रार्थना म्हणत होता, सगळे खाली माना घालून बसले होते, आणि तू उभा राहून काकाला विचारलंस, "काका, ज्यानं तुम्हाला पोहायला शिकवलं तो बुडाला, आणि तुम्ही पोहत काठाला आलात?" ओबुरा उठला आणि सगळ्यांसमोर तुला मिठी मारून हमसून रडला. बायका म्हणाल्या, बघा, भावासाठी कसा तुटतोय. तू त्याचे हात झटकून टाकलेस. मी तेव्हा तुला गप्प बस म्हणाले, ते तू मनात ठेवलंस. पुढे रिवाजाप्रमाणे त्यानं त्याचा कोट आणून माझ्या घरात खुंटीला टांगला, धाकट्या दिरानं विधवेचं घर सांभाळायचं म्हणून, आणि तू पिशवी भरलीस. जाताना म्हणालास, "आई, तुला दुसरा नवरा मिळाला, मला बाप मिळायचा नाही." तुझं हे बोलणं मी कोणाला सांगितलं नाही. पण आता तुला सांगते, तो कोट मी का टांगू दिला. मी नाही म्हणून माहेरी गेमला गेले असते, तर आपलं घर रिकामं झालं असतं. रिकाम्या घराची जमीन कोणाची होते हे तुला सांगायला नको. सरोवराच्या काठावरचा तो तुकडा, जिथे तुझ्या आजोबांपासून आपल्या होड्या ओढून ठेवतात, तो तुझा आहे. मी उंबऱ्यात बसून राहिले, कारण तुला परत यायला उंबरा हवा होता.

तो काही वाईट वागला नाही. खरं सांगायचं तर त्याच्यासारखा गोडबोल्या माणूस या काठावर नव्हता. सकाळी यायचा, छपराचं गवत बघायचा, शेळ्यांना हाकारायचा, मला हसवायचा. लोक म्हणायचे, आता तिला वहिनी म्हणायचं सोड. तरी तो मला वहिनीच म्हणायचा. फक्त एक गोष्ट होती. तो माझ्या घरी जेवत नसे. पहिल्या दिवशी मी मक्याच्या पिठाची उगाली आणि भाजलेला मासा पुढे ठेवला, तर म्हणाला, "वहिनी, तुमच्या हातचं जेवलो की मला झोप येते, आणि आज जाळी दुरुस्त करायची आहेत." दुसऱ्या वेळी पोटात मुरडा होता. मग दाढ दुखत होती. मग म्हणायचा, "बांधून द्या, होडीत खाईन." एकदा मी मागच्या वाटेनं लाकडं आणायला गेले, तर आपला तांबडा कुत्रा त्या बांधून दिलेल्या पानावरच ताव मारत होता. मला वाटलं, हा मला भितो. मी त्याच्या जेवणात काही घालीन असं त्याला वाटतं. त्याचं मला थोडं हसूही आलं होतं.

काठावरच्या बायकांच्या नजरेतून काही सुटत नाही. ओमेनाची बारीक मासळी वाळत घालताना एकीनं मला माहेरच्या नावानं हाक मारून टोचलंच, "काय गं न्यार गेम, नवा धनी उपाशीच उठतो वाटतं तुझ्याकडून? पार वाळलाय. की तुमच्या गेमच्या पोरींना फक्त दगडच शिजवता येतात?" सगळ्या हसल्या. मीही हसले. तिथे पलीकडे तुझी काकू बसली होती, न्यार कादेम. ती हसली नाही. हातातली मासळी तिनं वाळूवर नुसतीच टाकली, पसरली नाही, आणि टोपली उचलून निघून गेली. आमचं दोघींचं कधी फारसं जमलं नाही, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. माझी कोंबडी तिच्या परसात गेली तरी आठवडा अबोला. त्यामुळे मी म्हटलं, नवरा माझ्या घरी येतो याचा राग असेल.

पुढे शहरातला तो व्यापारी यायला लागला. त्याला काठावर बर्फाचं गोदाम बांधायचं आहे, आणि त्याला नेमका आपलाच तुकडा हवा. बाबा असताना एकदा येऊन गेला होता. बाबांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "ही जागा विकायची म्हणजे माझ्या पोरानं होडी डोक्यावर घेऊन फिरायचं काय?" त्यावरून दोघा भावांची चांगलीच जुंपली होती, ते तुला आठवत असेल. आता व्यापारी ओबुराकडे येऊन बसायचा आणि ओबुरा त्याला म्हणायचा, "थोडा दम धरा. थोरल्याचा पोरगा आहे तोवर कागदावर त्याचा अंगठा लागतो. पोरगा येईल." आणि मग मला म्हणायचा, "लिहा वहिनी, आई थकली आहे, एकदा येऊन जा." मी लिहिलं. तुझं उत्तर आलं की नाताळात येतो.

त्या दिवशी तो केवढा खूष झाला म्हणून सांगू. सगळ्या वस्तीत सांगत सुटला. माझ्या अंगणात उभं राहून म्हणाला, "वहिनी, पोरगा माझ्यावर रुसलाय ना, मी काढतो त्याचा रुसवा. त्याला मी होडीतून तिथे नेईन, जिथे दादा गेला. दोघं मिळून दादाच्या नावानं पाण्यात बियर ओतू. तिसरा कोणी नको. बाप-लेकासारखं बोलू." झाब्लोन तिथेच वल्हं तासत बसला होता. तो म्हणाला, "बाबा, मी येतो ना वल्हवायला." तू आणि झाब्लोन चुलतभाऊ असलात तरी एका आईचं दूध प्यायल्यासारखे वाढलात, त्याला यावंसं वाटणारच. ओबुरानं त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "तू घरी राहायचं." इतकंच. पण ते ज्या आवाजात सांगितलं, त्यानं माझ्या अंगावर काटा आला. का आला ते मला कळलं नाही. मी आपली शेंगा सोलत राहिले.

त्यानंतर एका दुपारी पुरुष सगळे पाण्यावर असताना न्यार कादेम माझ्याकडे आली. दारात उभी राहिली. बस म्हटलं तर बसेना. मग म्हणाली, "अक्का, मी एकदाच सांगणार आहे. पुन्हा विचारलंत तर मी नाही म्हणीन." आणि तिनं सांगितलं. वादळ झालं त्या संध्याकाळी ओबुरा घरी आला तो नखशिखांत भिजलेला, दात वाजत होते. होडी उलटली, दादा गेला, मी वल्ह्याला धरून पोहत आलो, हे जे त्यानं सगळ्यांना सांगितलं, तेच तिलाही सांगितलं. त्याला शेक द्यायचा म्हणून ती चूल पेटवायला गेली. घरात काडेपेटी नव्हती. त्याच्या विजारीच्या खिशात हात घातला, तिथे होती. "अक्का, काडी पहिल्याच फटक्याला पेटली. पाण्यातून इतका वेळ पोहून आलेल्या माणसाच्या खिशातली. तो काठावर पायी उतरला आणि मग अंगावर पाणी घेतलं, ते खिशाच्या तळाशी पोचलं नाही. खिशाची आठवण राहिली नाही त्याला. मी चुलीशी बसले आणि पेटलेल्या काडीकडे बघत राहिले, बोट भाजेपर्यंत."

बाबांच्या कानामागची ती जखम तू पाहिली होतीस. दगडावर आपटले असतील, असं सगळे म्हणाले होते.

मी तिला विचारलं, हे आज का सांगतेस. ती म्हणाली, "झाब्लोनला घरी राहा म्हणाला ना, तसंच त्या दिवशीही म्हणाला होता. झाब्लोन त्यांच्याबरोबर जायला निघाला होता, यानं त्याला परत पाठवलं. त्याच आवाजात." मग तिनं मला तेही सांगितलं, जे माझ्याच घरात घडत होतं आणि मला कळलं नव्हतं. "तो तुमच्याकडे का जेवत नाही असं वाटतं तुम्हाला? तुम्ही विष घालाल म्हणून? भावाचं रक्त सांडून भावाच्या घरचं अन्न खाल्लं तर ते पोरांना भोवतं, अक्का. पोरं झिजून झिजून मरतात. एवढं तरी तो आमच्यासाठी पाळतो." मी म्हटलं, चल, कालेबकडे जाऊ, म्हाताऱ्यांपुढे सांग. ती दोन पावलं मागे सरली. "मी बोलले तर माझी पोरं खुन्याची पोरं होतील. तुमच्या पोराला येऊ देऊ नका, म्हणून सांगितलं. बाकीचं मी काही पाहिलं नाही." आणि गेली.

बाबा रे, त्यानंतरचे दिवस कसे काढले ते मलाच माहीत. तो रोज यायचा. रोज हसायचा. मी त्याच्यासमोर ताट ठेवायची, तो काहीतरी सबब सांगायचा, आणि मी त्याच्या हाताकडे बघत उभी राहायची. तुला येऊ नकोस असं कळवायचं कसं? टपाल त्याच्या हातात. एलिशा तेव्हा रजेवर आलेला नव्हता. पोलिसांकडे जावं तर काय सांगू, काडी पेटली म्हणून? एकदा तो म्हणाला, "वहिनी, हल्ली माझ्याकडे फार बघता." मी म्हटलं, तुमचा चेहरा तुमच्या दादासारखा दिसायला लागलाय. तो हसला, पण त्या दिवशी लवकर गेला. दुसऱ्या दिवसापासून दुकानदाराची बायको विनाकारण माझ्याकडे येऊन बसायला लागली. मी कुठे जाते, कोणाशी बोलते, सगळं तिला हवं होतं. तेव्हा मला कळलं की आता त्यालाही कळलंय.

बाबांच्या आठवणीचं जेवण नाताळच्या आधी करायचं ठरलं होतं. बैल कापला, सगळं कूळ जमलं, म्हातारे झाडाखाली बसले. ओबुरानं आपलं ताट न्यार कादेमच्या घरून मागवलं होतं. मी आतून बाबांचं मातीचं ताट काढलं, धुतलं, त्यात उगाली वाढली, मटण वाढलं, आणि सगळ्यांसमोरून चालत जाऊन त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "भाऊजी, घरचा धनी पहिला घास घेतो. तुमच्या दादाचं ताट आहे. तुम्ही या घरात एकदाही जेवला नाहीत, लोक मला हसतात. आज जेवा."

त्यानं वर बघितलं. हसला. "वहिनी, माझं ताट येतंय ना." मी म्हटलं, हे आलंय. म्हातारा कालेब म्हणाला, "घे रे बाबा घास, बाईचा मान राख. आम्ही भुकेले बसलोय." कोणीतरी मागून म्हणालं, "एवढा लाजतोय कशाला, नवरदेव आहे काय?" थोडं हसणं झालं. मग हळूहळू ते थांबलं, कारण तो हात पुढे करत नव्हता. म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे मी बघत होते. एकेकाच्या डोळ्यांत काहीतरी उगवत होतं. ओबुरालाही ते दिसलं. त्यानं एकदा झाब्लोनकडे पाहिलं, एकदा धाकटीकडे, जी आईच्या मांडीवर बसली होती. मी तुला शपथेवर सांगते, त्या क्षणी मला वाटलं, हा आता उठेल आणि सगळं कबूल करेल. पोरांसाठी तरी करेल. त्यानं हात धुतले. उगालीचा गोळा केला, रश्शात बुडवला, आणि माझ्या डोळ्यांत डोळे घालून तोंडाकडे नेला.

न्यार कादेम कधी उठली ते कोणाला कळलं नाही. मांडीवरची पोर खाली पडून रडायला लागली होती. न्यार कादेमनं लाथेनं ते ताट उडवलं, त्याच्या मनगटावर फटका मारून घास मातीत पाडला, आणि त्याची बोटं आपल्या अंगावरच्या कापडानं पुसायला लागली, पुन्हा पुन्हा, एखाद्या तान्ह्याची पुसावीत तशी. "माझ्या पोरांवर नको," एवढंच ती म्हणत होती. "माझ्या पोरांवर नको." दुसरा एक शब्दही ती बोलली नाही. बोलायची गरजच राहिली नाही. कालेबनं आपली काठी जमिनीवर आडवी ठेवली, निकाल झाला की ठेवतात तशी. झाब्लोन बापाकडे बघत उभा होता, आणि त्याचा तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

ओबुरा उठला. कोणी त्याला अडवलं नाही. बायकोला म्हणाला, "तू मला संपवलंस." मग माझ्याकडे वळून, अगदी नेहमीच्या आवाजात, "येतो वहिनी," म्हणाला आणि काठाकडे चालत गेला. भर दुपार होती, पाणी तव्यासारखं सपाट होतं. त्यानं आपली होडी लोटली. तरणी पोरं मागे जायला निघाली तर कालेब म्हणाला, "जाऊ द्या. जाणार कुठे? पलीकडच्या बेटावर तरी त्याला कोण जेवू घालेल?" दोन दिवसांनी होडी रिकामी सापडली, आणि मग तोही सापडला. बुडाला की बुडवून घेतलं, ते पाण्यालाच ठाऊक. त्याच्या अंगावर जखम नव्हती.

मला वाटलं होतं की हे कळलं म्हणजे माझ्या छातीवरचा धोंडा उतरेल. तसं काही झालं नाही. मी त्याला लहानाचा मोठा होताना पाहिलं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा तो माझ्या पाठीमागे पाण्याची घागर घेऊन यायचा आणि वाटेत अर्धी सांडायचा. बाबांसाठी रडून झालं की मी त्याच्यासाठीही रडते, आणि मग माझाच मला राग येतो.

आता तो मिशनच्या दवाखान्यात बर्फावर आहे आणि इथे नवी भांडणं पेटली आहेत. कुळातले लोक म्हणतात, भावाला मारणाऱ्याला कुंपणाबाहेर पुरायचं, चोरट्यासारखं, आणि वर दगडही ठेवायचा नाही. तसं झालं की त्याच्या पोरांना इथे घर बांधता येणार नाही. बापाची माती आत नसलेल्यांना कुठली जागा? न्यार कादेमच्या छपरावर कोणीतरी पेटता बोळा फेकला. पेटलं नाही, पण ती पोरांना घेऊन माझ्याकडे आली आहे. चुलीशी बसून असते. काल बायका तिला दारातून ओरडून म्हणाल्या, "नवऱ्याला खाल्लंस, आता जावेचं खा." मी झाडू घेऊन बाहेर गेले. कालेब म्हणतो, हा निर्णय म्हाताऱ्यांचा नाही. ज्याचा बाप गेला, त्या थोरल्या मुलाचा आहे. तू बाहेर म्हणालास तर बाहेर, आत म्हणालास तर आत, आणि मग कोणी तोंड उघडणार नाही. मी तुला हे कर ते कर असं सांगणार नाही. माझा नवरा गेला, पण बाप तुझा गेला. मला काय वाटतं ते मात्र लपवत नाही. ज्या बाईनं तुझा जीव वाचवला तिला मी माझ्या कुंपणाबाहेर राहायला पाठवू शकत नाही.

हे सगळं एलिशा तोंडीही सांगू शकला असता. पत्र मी दुसऱ्याच कारणासाठी लिहिलं. एलिशाबरोबर गाडीतून झाब्लोन आला आहे. आत की बाहेर, तुझ्याकडून तो एक शब्द घ्यायला आला आहे, कारण बापासाठी तो शब्द मुलानंच मागायचा असतो. पण तो तुझ्या खोलीवर येणार नाही. तू माती देताना सगळ्यांसमोर म्हणाला होतास ना, त्या घरातला कोणी माझ्या दारात दिसला तर मी त्याला जिता सोडणार नाही. ते त्यानं ऐकलं होतं, आणि ते बरोबरच होतं असं तो म्हणतो. तो स्टेशनवर बाकावर बसून राहणार आहे. त्यानं मला सांगितलं, "मोठी आई, ओग्वेनोला आधी सगळं वाचू दे. तो आला तर आला. नाही आला तर संध्याकाळच्या गाडीनं मी परत येईन आणि बाबांना बाहेर पुरीन, माझी काही तक्रार नाही." त्या जेवणाच्या दिवसापासून त्यानं कोणाच्या हातचं पाणीही घेतलेलं नाही, आपल्याला कोणी द्यावं असं त्याला वाटतच नाही. त्याला शहराची सवय नाही, गर्दीत तो घाबरतो, आणि घाबरला की लहानपणासारखा बुटाच्या टोकाकडे बघत बसतो. तुला तो लांबूनच ओळखू येईल. पत्र खाली ठेव, पायांत चपला घाल आणि जा.

तुझीच,
आई